चालीवरून माशाची ओळख

माणूस पाठमोरा असला, अंगावर घोंगडी असली आणि वेळ तिन्हीसांजेची असली, तरी तें आपल्या घरचें माणूस आहे हें त्याच्या चालण्यावरून आपणांस दुरूनच कळतें. कसें कळलें असें कोणी विचारल्यास मात्र उत्तर देतां येत नाहीं. स्वीडनमधील उप्साला येथील गुन्नार योहान्सन या मानसशास्त्रज्ञानें १९७३ सालीं या गोष्टीची मोठी सुंदर परीक्षा प्रसिद्ध केली. माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा बारीक दिवे लावून त्यास अंधारांत चालविलें. पाहणारांस त्या दिव्यांवांचून कांहीं एक दिसत नव्हतें. माणूस उभा असतां दिवे म्हणजे नुसता ठिपक्यांचा पुंजका वाटे. तो चालूं लागतांच मात्र क्षणार्धांत माणूस ओळखूं येई. रूप नाहींसें केलें तरी चाल शिल्लक राहते, आणि चालीवरून रूप परत मिळतें.

आमच्या घरांतील मुलांच्या हातीं अलीकडे 'स्टारड्यू व्हॅली' नांवाचा एक खेळ आला आहे. एरिक बरोन या अमेरिकन तरुणानें तो एकट्यानें रचून २०१६ सालीं प्रसिद्ध केला, आणि २०१८ पासून दूरदूरच्या सवंगड्यांसही तो एकत्र खेळतां येतो. शेती, गुरें, जादूगार, राक्षस असा सगळा काल्पनिक संसार त्यांत आहे. त्यांतल्या मासेमारीची गंमत अशी कीं, गळास कोणताही मासा लागो, पडद्यावर त्याचें चित्र बहुधा एकच, लहानसें, हिरवें. एका उभ्या पट्टींत तें चित्र वरखालीं कसें नाचतें, यावरून मासा ओळखावयाचा. रचनाकारानें अशा पांच चाली ठरविल्या आहेत. सार्डिन झटके देतो, टूना संथ सरकतो, फुगणारा मासा वरच्या अंगास ओढ घेतो, ऑक्टोपस तळ गांठूं पाहतो (ऑक्टोपस हा मासा नव्हे, पण खेळांत तेवढें चालतें), आणि पुष्कळांची चाल संमिश्र असते. सराव झालेलीं मुलें मासा वर येण्यापूर्वींच त्याचें नांव सांगतात, आणि अनेकदां बरोबर सांगतात.

हें कौतुक पाहतांना आमच्या मनांत आलें, कीं ज्या विद्येचें हें खेळणें झालें, ती विद्या खरोखरीच्या पाण्याकांठीं आज कोणाजवळ आहे काय? आहे. ती भंडारा जिल्ह्यांतील ढिवरांजवळ आहे. मात्र ती फार दिवस टिकेल अशीं चिन्हें नाहींत.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं मासा शिजत नाहीं (सारस्वत मंडळी येथें हसतील, त्यांनीं खुशाल हसावें). तेव्हां हा विषय आपल्या घरचा नव्हे असें कोणास वाटण्याचा संभव आहे. पण एकादशीस ज्या शिंगाड्याच्या पिठाचा शिरा आपण करतों, तो शिंगाडाही अशाच तळ्यांत होतो, आणि विदर्भांत तो लावणारे व काढणारे हात पुष्कळदां ढिवरांचेच असतात. रसेल व रायबहादुर हिरालाल यांनीं मध्यप्रांतांतील जातींविषयीं १९१६ सालीं जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या लोकांचे धंदे सांगतांना मासेमारीबरोबरच पालखी वाहणें, पाणी भरणें आणि शिंगाड्याची लागवड हीं दिलीं आहेत. ज्यांनीं भरलेलें पाणी आपले आजोबा-पणजोबा निःशंकपणें प्याले, त्यांस पाण्याविषयीं काय ठाऊक आहे याची विचारपूस मात्र त्या आजोबा-पणजोबांनीं क्वचितच केली.

भंडाऱ्याहून तुमसरास जातांना वाटेंत मोहाडी हें तालुक्याचें गांव लागतें. चौंडेश्वरी देवीच्या देवळामुळें तें भाविकांस ठाऊक आहे. तालुक्यांतून वैनगंगा वाहते. नदीखेरीज जें पाणी आहे तें तलावांत आणि बोड्यांत. बोडी म्हणजे शेताच्या वरच्या अंगास बांध घालून अडविलेलें लहानसें तळें. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात तें यामुळेंच. १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला, तेव्हां नवेगावबांधासारखे मोठे तलाव तिकडे गेले, तरी नांव दोघांसही शोभतें. गोंड राजांच्या आश्रयानें कोहळी लोकांनीं असे तलाव बांधले, पुढें ते मालगुजारांच्या ताब्यांत राहिले, आणि मालगुजारी तलाव हेंच नांव त्यांस चिकटलें. भातशेतीसाठीं बांधलेल्या या पाण्यांत मासा ओघानेंच आला, आणि माशामागून ढिवर आला.

भाद्रपदांतल्या एका सकाळीं आम्ही मोहाडीजवळच्या अशा एका तलावाच्या पाळीवर दोन-अडीच तास बसलों होतों. जवळ एक वृद्ध ढिवर होते. पाणी मातकट, वीतभर खालचेंही दिसेना. आम्हांस त्या पाण्यावर सुरकुत्यांपलीकडे कांहीं दिसलें नाहीं. त्या गृहस्थांस मात्र उघड्या पंचांगासारखें सारें दिसत होतें. ते बोट दाखवीत, नांव सांगत, आणि तेंच नांव कां, हेंही सांगत. त्यांच्या तोंडून ऐकलेलें आणि मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत मिळालेलें, असें दोन्ही ताडून येथें देत आहों.

मरळ, शिंगी, मांगूर या माशांस कल्ल्यांखेरीज हवेंतला श्वास घेण्याचें वेगळें इंद्रिय असतें. मरळीस तर वर येऊन हवा घेतल्यावांचून जगतांच येत नाहीं. तिला पाण्याखालीं अडकवून ठेवलें, तर जन्माची जलचर असूनही ती पाण्यांत गुदमरून मरते. म्हणून या माशांस राहून राहून वर यावेंच लागतें, आणि येण्याची तऱ्हा प्रत्येकाची निराळी. मरळ सावकाश येते. गवताच्या किंवा कमळपानांच्या कडेस पाणी किंचित् फुगल्यासारखें होतें, तोंड टेकतें, हवेचा घोट घेतल्याचा बारीकसा आवाज होतो, आणि ती आली तशीच खालीं जाते. शिंगी व मांगूर यांस इतका धीर नाहीं. ते तळाच्या चिखलांतून सरळ वर येतात, हवा घेतात, आणि उलटून शेंपटीच्या एका फटकाऱ्यासरशीं नाहींसे होतात. मागें राहते ती एक लहानशी भोंवरी आणि दोन-तीन बुडबुडे. हा भेद नुसत्या कुतूहलाचा नव्हे. शिंगीच्या छातीजवळच्या दोन्ही परांस विषारी कांटा असतो. तो बोचला म्हणजे हात सुजतो आणि तासन् तास ठणकतो. चिखलांत हात घालून मासे चाचपणाऱ्यानें आधीं पाणी वाचलेलें बरें.

कटल्याचें डोकें मोठें आणि तोंड वरच्या बाजूस वळलेलें. पाण्याच्या वरच्या थरांतील सूक्ष्म जीव हें त्याचें अन्न. त्यामुळें निवांत वेळीं त्याची पाठ पृष्ठभागाखालून सरकते व रुंद, गोलसर तरंग उठतो. रोहू मधल्या थरांतला. त्याच्या ओठांस झालर असते, आणि पाण्यांतल्या देठांवर धरलेलें शेवाळ तो त्या ओठांनीं खुडून खातो. वारा पडलेला असतां कमळाचा एकच देठ थरथरला आणि शेजारचे स्थिर राहिले, तर त्या देठाशीं रोहू आहे असें ते गृहस्थ सांगत. मृगळ तळाशीं चरतो. त्याचें अंग कधीं दिसत नाहीं, वाट दिसते, म्हणजे बुडबुड्यांची एक ओळ हळूहळू पुढें सरकत जाते. सायप्रिनस हा परदेशांतून आणलेला मासाही (तो १९३९ सालीं प्रथम निलगिरींत आला) तळचाच, पण तो चरत नाहीं, उकरतो. बुडबुडे एका जागीं येतात आणि भोंवतीं चिखलाचा ढग उठतो. १९५९ सालीं आलेल्या चंदेऱ्याची ओळख तर आंधळ्यासही पटेल. पाण्यांत गलका झाला कीं तो घाबरून हात-दोन हात हवेंत उडी घेतो. इतका उघडा स्वभाव ढिवरांस फारसा आदरणीय वाटत नाहीं, असें आम्हांस दिसलें.

लांबट वाम मासा सर्व अंगाची लाट करून पोहतो. तलावांत दिवड नांवाचा साप असतो, त्याचीही चाल नागमोडीच. परंतु दिवडाचें डोकें पाण्यावर असतें आणि मागें पसरणाऱ्या रेघा दूरवर स्पष्ट दिसतात, तर वाम पाण्याखालीं असल्यामुळें त्याच्या वर पाणी नुसतें शहारतें. या एका बाबतींत आमची परीक्षा घेण्यांत आली. चार खुणांपैकीं एकही आम्हांस बरोबर सांगतां आली नाहीं, आणि पाळीवर जमलेल्या पोरांची मोठी करमणूक झाली.

परंतु त्या सकाळीं पाहिलेल्या सर्व गोष्टींत मनांत घर करून राहिली ती मरळीच्या पिलांची. पाण्यावर एके ठिकाणीं घमेल्याएवढा तांबूस डाग होता, आणि तेवढ्याच जागीं पाणी मंद आंचेवर उकळत असल्यासारखें दिसत होतें. तीं शेंकडों पिलें होतीं. मरळीचीं अगदीं लहान पिलें नारिंगी-तांबड्या रंगाचीं असतात, एकमेकांस सोडीत नाहींत, आणि तीं हवेसाठीं वर येतात. त्यांच्या खालीं, न दिसणारे, नर व मादी दोघेही पहारा करीत असतात. पिलांजवळ कांहींही आलें तरी त्यावर धांवून जातात. ज्यास हें ठाऊक आहे त्यास मरळ धरण्यासारखी सोपी गोष्ट नाहीं. डागाजवळ गळ टाकला कीं आईबाप आपण होऊन येतात, आणि मग पिलांस वाली उरत नाहीं. त्या वृद्ध गृहस्थांनीं असा डाग दिसला म्हणजे तेवढी जागा सोडून पुढें जाण्याची रीत सांगितली. ही रीत आतां सगळेच पाळतात काय, असें विचारतां त्यांनीं उत्तर दिलें नाहीं. पाळीवरच्या पोरांकडे पाहिलें.

आणखी एक खूण अशी, कीं ती न ओळखल्यास सगळा तलाव हातचा जातो. ढगाळ, उकाड्याच्या रात्रींनंतर पहाटे पाण्यांतला प्राणवायु फार कमी होतो. तेव्हां ज्यांस वर येण्याचें कारण नाहीं ते कटला-रोहूही तोंडें वर काढून पृष्ठभागाशीं घुटमळूं लागतात. अनोळखी माणसास वाटतें, मासा खेळतो आहे. ढिवर जाणतो, कीं मरळीचा घोट संवयीचा आणि रोहूचा घोट संकटाचा; तो लागलीच ताजें पाणी सोडण्याच्या नाहीं तर मासा काढून घेण्याच्या तयारीस लागतो.

हें सारें अडाण्याचें अनुभवजन्य कसब, शास्त्र निराळें, असें म्हणणारांस सुश्रुताकडे पाठविलें पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत अन्नपानविधीच्या अध्यायांत माशांचें मांस पचनास जड कीं हलकें याचा विचार आहे, आणि तो पुष्कळ अंशीं माशाच्या चालीवर उभारलेला आहे. नदींतला मासा तोंड व शेंपूट यांच्या योगें हिंडतो, म्हणून त्याचा मध्यभाग जड. झऱ्यांतला व विहिरींतला मासा फार दूर जात नाहीं, म्हणून डोक्याजवळचा थोडा भाग सोडल्यास बाकीचें अंग जड. जो छातीच्या बळानें विचरतो त्याचा पुढचा भाग हलका. वैद्यानें पथ्यासाठीं लिहिलेल्या या ओळींत देह आणि गति यांचा संबंध दडलेला आहे, हें प्रथम सुंदरलाल होरा यांच्या ध्यानांत आलें. होरा हे डोंगरी ओढ्यांतील माशांचे मोठे अभ्यासक. वेगवान् प्रवाहास टिकण्यासाठीं माशाचें शरीर कसें घडतें हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. १९३५ सालीं त्यांनीं बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत माशांचें रूप व गति यांच्या संबंधाविषयींच्या प्राचीन हिंदु कल्पनेवर निबंध लिहिला. पाश्चात्य शास्त्रांत या प्रश्नाची व्यवस्थित मांडणी त्याच सुमारास होत होती. अमेरिकेंत चार्ल्स ब्रीडर यांनीं १९२६ सालीं माशांच्या पोहण्याचे प्रकार लावून दिले. इंग्लंडांत जेम्स ग्रे यांनीं १९३३ सालीं छायाचित्रांच्या साह्यानें वामीसारख्या माशाच्या अंगांतली लाट मोजली. सुश्रुतास हें सर्व ठाऊक होतें असा दावा आम्ही करणार नाहीं. तसले दावे हल्लीं फार स्वस्त झाले आहेत. त्यास एवढेंच ठाऊक होतें, कीं चाल पाहिल्यावांचून देह कळत नाहीं. हें त्यास कोणी सांगितलें असेल? आमची कल्पना अशी आहे, कीं एखाद्या धीवरानें.

अशी उसनवारी पुढेंही चालूं राहिली. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं तर ती लपविलीही नाहीं. १८२२ सालीं त्यांनीं गंगेंतील माशांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हां देशी कोळ्यांच्या तोंडचे शब्दच शास्त्रीय नांवांत घातले. त्यामुळें रोहू हा जगभर 'रोहिता', मृगळ हा 'मृगला', कटला हा 'कटला' आणि मांगूर हा 'मागुर' याच नांवांनीं ओळखला जातो. शब्द तेवढे ग्रंथांत गेले. खूण पाळीवरच राहिली.

आणि आतां पाळीवरूनही ती जाऊं लागली आहे. भंडारा तेव्हां मध्यप्रदेशांत होता. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे आले. मालगुजारी गेली तें योग्यच झालें. परंतु गाळ काढणारा, पाळ राखणारा, तुडुंब भरल्यास रात्रीं उठून पाहणारा कोणी एक उरला नाहीं. मासेमारीचे ठेके सहकारी संस्थांकडे गेले. पुढें १० जुलै १९५७ रोजीं हिरालाल चौधरी यांनीं (हे हिरालाल वेगळे) ओरिसांत माशांस मेंदूजवळच्या ग्रंथीचा अर्क टोचून हव्या त्या वेळीं अंडीं घालावयास लाविलीं. तोपर्यंत कटला-रोहूचें बीज नद्यांतून गोळा करावें लागे. यापुढें तें हवें तितकें तयार करतां येऊं लागलें. हा शोध मोठा आहे, त्यानें देशाच्या ताटांत अन्न घातलें, आणि १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो तें यथार्थ आहे. मात्र विकतचें बीज सोडण्यापूर्वीं तलाव साफ करावा, त्यांतले मरळ-शिंगीसारखे भक्षक आणि इतर किरकोळ मासे काढून टाकावे, असा त्या शेतीचा पाठ आहे. पाणवनस्पतीही जाळ्यास अडथळा म्हणून काढतात. कमळाचा देठ गेला, मग थरथरणार काय? त्यांत दक्षिण अमेरिकेंतून आलेली बेशरम ही वनस्पति कांठापासून आंत पसरत गेली. अशा तलावांत तीन-चार जातींचे, एका वयाचे, एका दिवशीं सोडलेले मासे असतात. जाळें टाकावें, येईल तें मोजावें. ओळखण्यासारखें कांहीं नसतें, म्हणून ओळखण्याची गरजही उरत नाहीं.

खेळांतल्या तलावाशीं याचें साम्य पाहून आम्ही जरा चपापलों. तरी तेथें माशांच्या पांच चाली आहेत! फरक इतकाच, कीं तेथील मासा हिशेब सांगतो तसा हलतो. वर येतो तो श्वासासाठीं नव्हे, आणि खालीं त्याचीं पिलें नसतात. त्याची चाल ओळखली तर गुण मिळतात. शिंगीची चुकली तर हात सुजतो, रोहूची चुकली तर तलाव मरतो, आणि मरळीची बरोबर ओळखून मन चुकलें तर एक पिढी जाते.

या बाबतींत कोणी कांहींच करीत नाहीं असें मात्र नाहीं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था आणि तिचे श्री. मनीष राजनकर यांनीं गोंदिया जिल्ह्यांतील अर्जुनी-मोरगावच्या बाजूस ढिवरांच्या संस्थांबरोबर काम केलें आहे: बेशरम उपटणें, देशी पाणवनस्पति परत लावणें, देशी माशांस पुन्हां जागा करून देणें. कोणती वनस्पति कोणत्या माशास अंडीं घालण्यास लागते, कोणती लपावयास लागते, याची माहिती त्यांनीं तलावांत उतरणाऱ्यांकडूनच घेतली. कै. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे वनाधिकारी म्हणून नवेगावबांधास होते. तेथील दिवसांवर त्यांचें 'नवेगावबांधचे दिवस' हें पुस्तक आहे, आणि पाण्याजवळ राहणाऱ्या माणसांस गुरु मानण्याची वृत्ति ज्यांस पाहावयाची असेल त्यांनीं तें अवश्य वाचावें. मोहाडीच्या बाजूस असें काम जितकें व्हावयास पाहिजे तितकें झालेलें आम्हांस आढळलें नाहीं.

चौंडेश्वरीच्या दर्शनास जाणाऱ्या वाचकांनीं मुलांस घेऊन एक सकाळ तलावाच्या पाळीवर काढावी. श्रावण-भाद्रपद बरा, वारा पडलेला असावा, ऊन पाठीवर घ्यावें, म्हणजे पाणी चकाकत नाहीं. बोलूं नये. ज्या पाण्यांत कमळ अथवा शिंगाडा आहे तें निवडावें, नुसतें मोकळें पाणी नको. पहिला पाऊण तास कांहींही दिसणार नाहीं, आणि मुलें कंटाळतील. मग गवताच्या कडेस पाणी किंचित् फुगेल. जागा ध्यानांत ठेवून तेथेंच पाहत राहावें. मरळ असेल तर थोड्या वेळानें श्वासासाठीं पुन्हां वर येईल. जवळ जाळें सुकवीत कोणी बसलें असेल, तर त्यांस नांव विचारावें.